रकान्यातले ‘होय’

कस्तुराबाईंनी त्या रविवारी पाहुण्यांना नकार कळवला होता. तुंगार्लीतल्या त्यांच्या घरामागच्या दोन खोल्या शनिवार-रविवारी कधी रिकाम्या राहत नसत. आज मात्र अंगणात एकही परकी गाडी नव्हती. ते पाहून सारिका फाटकातच थबकली. वन्संनी ऐन हंगामात धंदा बंद ठेवला, म्हणजे गोष्ट त्यांनाही तेवढीच मोठी वाटत होती.

सुदुंबऱ्याहून निघाल्यापासून तिचा नवरा रखमाजी गाडी चालवत होता. कामशेतच्या पुढे गाड्यांची रांग लागली तेव्हा स्टिअरिंगवर हात ठेवून तो एवढंच म्हणाला होता, “एक शबूद लिवायचा होता. न्हाई म्हनून.”

मागच्या सीटवर त्यांची लेक राजेश्वरी कागदांची फाइल मांडीवर घेऊन बसली होती. गेले तीन दिवस घरात याच एका शब्दावरून भांडण चाललं होतं आणि आता सारिकाच्या अंगात त्राण उरलं नव्हतं.

अमेरिकेतल्या विमानशाळेने राजेश्वरीला जागा दिली होती. पण जागा मिळाली म्हणजे विमानात बसता येत नाही, हे त्यांना नंतर कळलं. बाहेरच्या देशातून वैमानिक व्हायला येणाऱ्या प्रत्येकाची तिकडचं सुरक्षा खातं आधी चौकशी करतं. पाच वर्षांतले सगळे पत्ते, आजवर लावलेली सगळी नावं, पासपोर्टचं पान न् पान. त्यांच्या मंजुरीशिवाय शाळा पहिला धडासुद्धा देऊ शकत नाही. राजेश्वरीच्या अर्जात एक रकाना होता: तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे का. पुण्यातल्या एजंटने सांगितलं होतं, डोळे मिटून ‘नाही’ लिहा, मावळातल्या भाऊबंदकीची केस तिकडे कोण बघायला येतंय. राजेश्वरीने ‘होय’ लिहिलं, आणि घरात कोणाला सांगितलं नाही.

गुरुवारी मेल आली. केसची सद्यस्थिती कळवा, न्यायालयाच्या शिक्क्याची कागदपत्रं जोडा, मुदत एकवीस दिवस.

केस साधी होती आणि म्हणूनच लाजिरवाणी होती. चार वर्षांपूर्वी सामाईक विहिरीच्या मोटरच्या पाळीवरून रखमाजीने थोरल्या भावाला, कोंडाजीला, ढकललं. कोंडाजीचं डोकं पाइपावर आपटलं, चार टाके पडले. तक्रारीत तीन नावं होती: रखमाजी, सारिका आणि राजेश्वरी. राजेश्वरीला तेव्हा अठरा वर्षं पूर्ण होऊन दोन महिने झाले होते. पासपोर्ट त्याच्या आधीच निघाला होता, नाहीतर तोही अडकला असता. वडगावच्या कोर्टात तेव्हापासून तारखाच पडत होत्या. साक्षी अजून सुरूही झाल्या नव्हत्या.

येत्या शनिवारी वडगावला लोकअदालत होती. कोंडाजीने न्यायाधीशांपुढे तक्रार नाही म्हटलं, तर केस मिटणार होती. पण सख्ख्या भावांनी चार वर्षांत एकमेकांच्या दारात पाऊल ठेवलं नव्हतं. शेवटी सारिकानेच थोरल्या नणंदेला, कस्तुराबाईंना, फोन केला होता, रखमाजीला न विचारता.

“या,” कस्तुराबाई दारात येऊन म्हणाल्या. “कोंडा बी निगालाय. आल्याबरोबर कुनी तोंड सोडायचं न्हाई, सांगून ठिवते.”

कोंडाजीला यायचं नव्हतं. अक्काचा फोन आला म्हणून तो आला. त्याचा मुलगा प्रज्ञेश गाडी चालवत होता. उर्शाच्या टोलनाक्यावरची रात्रपाळी संपवून पोरगं तसंच निघालं होतं, डोळे तांबडे झाले होते. वाटेत कोंडाजी त्याला दोनदा म्हणाला, “गाडी बाजूला घे, च्या पी.” दोन्ही वेळा प्रज्ञेश नको म्हणाला. एरवी टोलनाक्यावरच्या गमती सांगून हसवणारा पोरगा आज घाटाकडे तोंड करून गप्प होता. बहिणीसारख्या पोरीशी कोर्टकज्जा, त्यालाही जड जात असेल, असं कोंडाजीला वाटलं.

टाक्यांचं त्याला काही नव्हतं. रखमाने ढकललं तेही तो विसरला असता. लहानपणापासून दोघे एकमेकांना ढकलतच वाढले होते. पण डोक्यातून रक्त डोळ्यांत उतरत असताना, तो मातीत पडलेला असताना, बरगडीत लाथ बसली होती. ती राजीची होती, असं चौकीत प्रज्ञेशने सांगितलं. ज्या पोरीला खांद्यावर घेऊन तो बैलं धुवायला नेत असे, ती. या चार वर्षांत डाव्या कुशीवर वळताना ती लाथ त्याला आठवली नाही अशी रात्र गेली नव्हती.

बैठकीत तो भिंतीकडच्या खुर्चीवर बसला. समोर रखमाजी, सारिका आणि मधे ती. मोठी दिसत होती. केस मागे घट्ट बांधलेले, हातात फाइल. त्याने एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली.

कस्तुराबाईंनी पाणी दिलं. रखमाजीने पेला खाली ठेवला.

“भाऊ, मोटरची पाळी तुमी घ्या. समदे दिवस. मी येगळी बोर मारतो. शेनवारी तेवढं कोर्टात येऊन सांगा.”

“मला पानी नगं.”

“मग काय पायजे ते सांगा. पोरीचं आयुष्य हाय.”

“तुज्याकडनं काईच नगं,” कोंडाजी म्हणाला. “तिच्याकडनं पायजे. तिनं हितं, अक्काच्या समोर, मला सांगावं, खाली पडलेल्या मानसाला लाथ का मारली. मी तिला कवा काय बोललो हुतो?”

सारिका उसळली. “भावजी, अवो ती व्हती कुटं तितं?”

“तू गप. वकिलानं शिकवल्यालं मला सांगू नगं.”

राजेश्वरीचा चेहरा एकदम उतरला. रागाने नव्हे, काहीतरी नवीन कळल्यासारखा. ती खुर्चीच्या कडेवर सरकली.

“नाना,” ती हळू म्हणाली, “तुम्हाला खरंच वाटतं मी मारलं?”

“वाटायचं काय त्यात? लागली का न्हाई मला?”

“मला वाटायचं, तुम्हाला माहीत होतं. पप्पांवरचा राग म्हणून तुम्ही मुद्दाम माझं नाव घातलंत, असं वाटायचं मला.” ती थांबली. “मी नव्हते नाना तिथं. त्या दिवशी माझा फिजिक्सचा क्लास होता. सकाळी साडेसातच्या आधीच बेगडेवाडीला पोचले होते मी, लोकल पकडायला. तुमचं भांडण झालं तेव्हा मी शिवाजीनगरला होते.”

“कुनी बगितलं?”

तिची नजर दाराशी उभ्या असलेल्या प्रज्ञेशकडे गेली आणि तिथेच राहिली.

प्रज्ञेशने हा क्षण चार वर्षं अनेक तऱ्हांनी मनात घडवून पाहिला होता. कोर्टात पिंजऱ्यात उभं असताना वकील विचारील, गर्दीत विचारील, असंच त्याला वाटायचं. आत्याच्या बैठकीत, पाण्याचे पेले अजून ओले असताना, वडील एका हाताच्या अंतरावर बसलेले असताना विचारलं जाईल, हे त्याच्या ध्यानी आलं नव्हतं.

“मी सोडलं होतं तिला,” तो म्हणाला. “गाडीवर. बेगडेवाडीला.”

कोंडाजीने मान वळवली. “काय म्हनतो?”

“आप्पा, ती नव्हती. मला माहीत होतं.”

“मग चौकीत...”

“तुमच्या डोक्यातनं रक्त थांबत नव्हतं. मला काही सुचत नव्हतं. हवालदार लिहीत होते, सारखं विचारत होते, आणखी कोण होतं, आणखी कोण. मी काकाचं सांगितलं, काकूचं सांगितलं. मग हिचं तोंडातून गेलं.” त्याने वडिलांकडे बघितलं. “लाथ कोणाची लागली मला खरंच माहीत नाही. सोडवताना माझीच लागली असेल. नंतर सांगणार होतो. मग तुम्ही दवाखान्यातून घरी आलात आणि तिचंच नाव काढून रडलात. त्यानंतर धीर झाला नाही.”

बाहेर फाटकापाशी कुणा पाहुण्याची गाडी थांबली, खोली आहे का म्हणून हाक आली. कस्तुराबाईंनी बसल्या जागेवरून “न्हाई” म्हणून सांगितलं आणि गाडी गेली.

वडील उठतील, थोबाडीत देतील, म्हणून प्रज्ञेश तयार उभा होता. कोंडाजी उठला, पण त्याच्या बाजूने अंगणात गेला आणि नळाच्या कट्ट्यावर पाठमोरा बसला. मार बसला असता तर बरं झालं असतं, असं प्रज्ञेशला वाटलं.

“चार वर्षं,” सारिका म्हणाली. ती प्रज्ञेशसमोर जाऊन उभी राहिली. “चार वर्षं माजी लेक तारखेला कोर्टाच्या पायरीवर बसली. चोर-दरोडेखोरांच्या शेजारी. आनि तू रोज डबा घिऊन कामाला जात हुतास.”

“काकू...”

“काकू म्हनू नगं मला.”

रखमाजीने मधेच वकिलाला फोन लावला होता. स्पीकरवरून वकिलाचा घाईतला आवाज आला. तडजोड करा, तक्रारदाराला तक्रार पुढे चालवायची नाही एवढंच लिहा, केस तिथल्या तिथे मिटेल. खोटं नाव घातलं वगैरे काढू नका. तक्रारदार आणि त्यांचा मुलगा दोघंही अडचणीत येतील, न्यायाधीश चौकशी लावू शकतात. फोन ठेवला गेला.

“झालं तर मग,” रखमाजी म्हणाला. “तडजोड. बाकी काय काढायचं न्हाई.”

सारिकाने त्याच्याकडे पाहिलं. “तुमी कुनाच्या बाजूचं हाय?”

“पोरगा हाय तो बी आपला. औंदा त्याचं लगीन बगत्यात. नोकरी जाईल त्याची. ढकललं मी, सारिका. सुरुवात माजी हाय.”

“आनि हिचं काय?”

“हिची केस मिटती ना?”

दोघेही राजेश्वरीकडे वळले. कस्तुराबाईही पाहू लागल्या. राजेश्वरीच्या लक्षात आलं की गुरुवारपासून पहिल्यांदाच कोणी तिला काय हवं ते विचारत होतं.

तिला प्रज्ञेशचा राग यायला हवा होता. आतमध्ये कुठेतरी तो होताही, पण आत्ता त्याच्यापेक्षा भीती मोठी होती. अठरा दिवस उरले होते. कुठल्या तरी कार्यालयात, तिने कधीही न पाहिलेला माणूस तिचं पान उघडणार होता. त्याला सुदुंबरे कुठे आहे ठाऊक नसणार. नाना कोण, विहीर कोणाची, काही ठाऊक नसणार. त्याच्यापुढे फक्त कागद असणार.

“मिटली म्हणजे काय मिटली, पप्पा?” ती म्हणाली. “कागदावर दिसेल, हिनं माणसाला मारलं आणि मग घरच्या घरी तडजोड केली. तो वाचणारा काय समजेल? ज्यांना विमान द्यायचं की नाही ते ठरवायचंय, ते काय समजतील?”

“म्हनून तर म्हनत हुतो, न्हाई लिव.”

“आणि मग? दर वेळी लायसन्सचा कागद भरताना भ्यायचं? दरवेळी वाटणार, आता सापडेल. मला वर गेल्यावर खाली कोणी काय शोधून काढेल याचा विचार करायचा नव्हता. मला भीतीच नको होती. म्हणून लिहिलं.” तिने हातातली फाइल पुढे धरली. “मला एक वाक्य हवंय. राजेश्वरी तिथं नव्हती, एवढंच. दादा खोटं बोलला हे मला लिहून नकोय. त्याच्यावर काही व्हावं असं मला वाटत नाही. पण ते वाक्य मला हवं.”

“वकील म्हनला, त्यानंच समदं उकरंल,” रखमाजी म्हणाला. “नाव आलं कसं, असं इचारत्याल.”

“विचारतील,” ती म्हणाली. “मला माहितीये.”

दारात सावली पडली. कोंडाजी आत आला होता. चेहऱ्यावर पाणी मारलेलं होतं, सदऱ्याचा गळा ओला होता. तो बसला नाही.

“लिवून घ्या,” तो म्हणाला. “ती तितं नव्हती. मी कोर्टात सांगीन. नाव कसं आलं इचारलं तर माज्या तक्रारीत आलं, सही माजी हाय. माजं मी बगीन.”

“नाही आप्पा,” प्रज्ञेश म्हणाला. “नाव मी घेतलं. मी सांगणार.”

“नोकरी जाईल,” रखमाजी म्हणाला.

“जाईल तर जाईल, काका.”

कस्तुराबाईंनी पदराने डोळे टिपले आणि उठून आत गेल्या. ताटं मांडल्याचा आवाज आला. चार वर्षांनी दोन्ही भाऊ एका ओळीत जेवायला बसले. कोंडाजी भात कालवत राहिला. निघताना तो राजेश्वरीपुढे थांबला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून तसाच गाडीत जाऊन बसला.

शनिवारी वडगावला गर्दी होती. बँकांची प्रकरणं, वीजबिलं, नवरा-बायकोचे वाद, सगळे एकाच मांडवाखाली. त्यांचा नंबर दुपारी लागला. न्यायाधीश बाईंनी अर्ज वाचला, मधेच थांबून पहिली दोन पानं पुन्हा उलटली.

“मूळ तक्रारीत तुम्ही म्हणता पुतणीनं लाथ मारली. आता म्हणता ती जागेवर नव्हती. यातलं खरं काय?”

कोंडाजीने दोन्ही हात समोरच्या लाकडी पट्टीवर ठेवले होते. “आत्ताचं खरं, बाईसाहेब.”

“मग आधी का सांगितलंत?”

“मला तसं वाटलं हुतं. चुकलं माजं.”

“नुसतं वाटलं नव्हतं, मी सांगितलं त्यांना,” मागून प्रज्ञेश म्हणाला. पट्टेवाल्याने त्याला गप्प राहायला खुणावलं, पण न्यायाधीशांनी त्याला पुढे बोलावलं. तो पुढे गेला आणि रविवारी बैठकीत सांगितलं तेच त्याने सांगितलं. न्यायाधीश बराच वेळ काही लिहीत होत्या. राजेश्वरी मनात दिवस मोजू लागली. चौकशी लावतील, तारीख पडेल, केस लांबेल, अठरा दिवसांचे बारा झालेत.

“पोलिसांना खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे, कळतं का?” न्यायाधीश प्रज्ञेशला म्हणाल्या.

“हो, मॅडम.”

“आज स्वतःहून आलात म्हणून पुढची कारवाई सुचवत नाही. पण तुमचं म्हणणं नोंदीवर राहील. कायम राहील.”

केस मिटली. आदेशात ते वाक्य आलं. शिक्क्याच्या नकला मिळायला मंगळवार उजाडला आणि त्याच दुपारी राजेश्वरीने कागद पाठवले. पडद्यावर चार शब्द आले: अर्ज पुन्हा तपासणीत आहे. त्यापुढे काही नव्हतं.

मग वाट बघणं सुरू झालं. किती दिवस लागतील, हे कोणी सांगत नव्हतं. शाळेचा वर्ग जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी सुरू होणार होता आणि मंजुरी नसेल तर जागा दुसऱ्याला जाणार होती. राजेश्वरी तासाला फोन उघडायची. सारिका काही विचारायची नाही, फक्त तिच्या चेहऱ्याकडे बघायची. एकदा तिकडून पत्ता पडताळायला आणखी एक मेल आली. पाच वर्षांपूर्वीच्या घराचा गट नंबर एका आकड्याने चुकला होता. त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. प्रज्ञेशच्या टोलनाक्यावर कोर्टातली गोष्ट पोचली, त्याला साहेबाने बोलावून लेखी खुलासा मागितला. लग्नाच्या बोलण्यातली मुलीकडची मंडळी पुढच्या आठवड्यात येतो म्हणाली आणि आली नाहीत. सारिकाला हे कळलं तेव्हा तिला बरं वाटलं नाही, पण वाईटही वाटलं नाही. ती कोंडाजीच्या घरी गेली नाही.

कागद पाठवल्यापासून चोविसाव्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमाराला, राजेश्वरी मागच्या पडवीतून आत आली. फोन तिने आईच्या हातात दिला. सारिकाला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तिने लेकीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग भिंतीला टेकून खाली बसली.

रखमाजी कामावरून नुकताच आला होता. कोणी काही सांगायच्या आधी त्याला कळलं. चपला न घालताच तो बाहेर पडला आणि गल्लीच्या टोकाशी असलेल्या भावाच्या दाराशी जाऊन उभा राहिला. चार वर्षांत तो इथून रोज गेला होता, पण मान दुसरीकडे वळवून.

कोंडाजी ओसरीवर बाजेवर बसला होता. अनवाणी भावाला पाहून तो उठला. रखमाजीच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं.

कोंडाजी खाली बसला. “न्हाई म्हनले ना,” तो म्हणाला. “माज्यामुळं.”

रखमाजीने मान हलवली. ओसरीची पायरी चढून तो भावाशेजारी बाजेवर बसला.

“न्हाई, भाऊ,” तो म्हणाला. “जाती ती.”